बाटली नंतर आली, हे कागदावर दाखवा

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून २०१९ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. मधली काही वर्षं ते राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमध्ये होते. तिथून आल्यावर झोप उडाली, रात्री दचकून उठणं सुरू झालं. २०१४ साली लष्करी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ते भरती होते. २०१६ साली दारूच्या व्यसनाचं निदान झालं. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने ‘अल्कोहोल डिपेन्डन्स सिंड्रोम’ असं लिहून ३० टक्के आजीवन अपंगत्व ठरवलं, पण त्याचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शनसाठी शून्य टक्के धरले. अपंगत्व पेन्शन त्याच वर्षी नाकारली गेली. सध्या मुलुंडच्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे ओपीडीत उपचार चालू आहेत आणि ते लागू पडत आहेत. ताईंचे प्रश्न तीन: हा खर्च ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडून परत मिळेल का, पेन्शनचं काही होईल का, आणि दीर म्हणतात तसं यजमानांना कर्जतकडच्या एखाद्या सेंटरमध्ये नेऊन ठेवावं का?

ताई, माजी सैनिकांच्या घरून अशी पत्रं मला सतत येतात. गाव बदलतं, पलटण बदलते, मजकूर तोच असतो. म्हणून दारू हा आजार की दोष, यात मी शिरत नाही. तुम्ही पहिला प्रश्न खर्चाचा विचारलात, पण तुमचं सगळं प्रकरण दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे, आणि तो प्रश्न एकाच नियमाशी येऊन थांबतो.

नकाराच्या पत्रातला तिसरा परिच्छेद पुन्हा वाचा. दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली असते, असा पेन्शनच्या नियमांचा आशय आहे आणि त्याच आधारावर तुम्हाला नकार आला आहे. फाइलमध्ये फक्त दारूचं निदान असेल, तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ती लढाई फार अवघड आहे.

पण तुमच्या फाइलमध्ये फक्त तेवढंच नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये २०१४ च्या डिस्चार्ज स्लिपचा एक फोटो आहे. कडा कापली गेली आहे, शिक्का अर्धाच दिसतो. तरी निदानाच्या रकान्यात ‘डिप्रेसिव्ह एपिसोड’ आणि शेजारी एफ ३२ हा कोड वाचता येतो. मद्यपानाच्या ओळीत ‘प्रसंगोपात’ या अर्थाचा शेरा आहे. आता २०१९ चा मेडिकल बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-१६, शेजारी ठेवा. त्यात आजार कधी आणि कुठे सुरू झाला, त्या वेळी युनिट कुठलं होतं, असा तक्ता असतो. तिथे एकच ओळ आहे: एफ १०.२, म्हणजे दारूच्या व्यसनाचा कोड, सुरुवात २०१६, ठिकाण पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातली छावणी. २०१४ चं नावच नाही. तुमची केस २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत आहे. मनाचा आजार आधी आला आणि दारू त्याच्या मागून आली, हे दाखवता आलं, तर ‘स्वतःच्या ताब्यातली गोष्ट’ हे कारण लंगडं पडतं. ते नाही दाखवता आलं, तर बाकी कितीही कागद जोडले तरी उपयोग होणार नाही.

समोरून काय येईल तेही ऐकून ठेवा. सरकारी वकील म्हणतील की २०१५ मध्ये यजमानांना पुन्हा ‘एस-१’, म्हणजे मानसिकदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त, अशी श्रेणी मिळाली, म्हणजे डिप्रेशन बरं झालं होतं आणि दारू हा वेगळा विषय आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. त्याला उत्तर हवं असेल तर त्या मधल्या काळातले ओपीडीचे कागद मिळवावे लागतील: झोपेच्या गोळ्या चालू होत्या का, फेरतपासणीत काय लिहिलं, आणि २०१६ साली कमांडिंग ऑफिसरने एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर जवानाच्या वागण्याबद्दल काय कळवलं. हा शेवटचा कागद सहसा कुणी मागतच नाही. त्यात ‘काश्मीरहून आल्यापासून गप्प राहतो, रात्री जागा असतो’ अशा अर्थाची एक ओळ सापडली, तरी तिचं वजन मोठं असतं.

हे कागद मागण्यासाठी पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आणि त्या लष्करी रुग्णालयाला यजमानांच्या सहीने माहिती अधिकारात अर्ज करा. त्याच अर्जात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ चा उल्लेख करा. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणं हा त्या कलमाने रुग्णाला दिलेला हक्क आहे. याच कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही ‘मानसिक आजार’ म्हणून येतात. ते वाचून पेन्शनचा प्रश्न सुटला असं मात्र समजू नका. तो कायदा उपचारांचा आहे, पेन्शनच्या नियमाला तो आपोआप खोडत नाही. युक्तिवादात आधार म्हणून घ्यावा, इतकंच.

आता थोडं कडक बोलतो. २०२१ साली तुम्ही रेकॉर्ड ऑफिसला जो अर्ज पाठवलात, त्यात लिहिलं आहे, ‘दारूच्या नादामुळे त्यांच्याकडून चूक झाली, आता त्यांनी दारू सोडली आहे, तरी माफ करून पेन्शन मंजूर करावी.’ ताई, माफी कशाची? ज्या मुद्द्यावर सरकारने नकार दिला, तोच मुद्दा तुम्ही स्वतःच्या अक्षरात कबूल करून दिलात. आणि नकाराचं मूळ पत्र, ज्यात सहा महिन्यांत अपील करा असं स्पष्ट लिहिलं होतं, ते त्यांच्या काळ्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिलंत, कारण ते पत्र पाहून ते पुन्हा प्यायला बसतील अशी भीती होती. ती भीती मला समजते. पण ट्रंकेतल्या त्या कागदाने तुमचं वर्षानुवर्षांचं नुकसान केलं आहे. यापुढे सरकारी पत्र आलं की लिफाफ्यासकट जपा आणि आठवड्याच्या आत कुणा जाणत्याला दाखवा.

नुकसान किती, ते समजून घ्या. उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून न मिळाल्याचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग प्रकरणात मानलं. पण थकबाकी अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे निवृत्तीनंतरची सुरुवातीची वर्षं हातची गेली आहेत, आणि तुम्ही जितके महिने थांबाल तितके मागचे महिने गळत जातील. हा उशीर केस मारत नाही, पैसे मारतो.

म्हणून पहिलं अपील लगेच पाठवा, सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. विलंबाचं कारण खरं तेच लिहा: यजमानांचा आजार, चालू उपचार, घरात कायद्याचं कुणाला काही माहीत नसणं. सजवू नका. उत्तराची वाट बघत बसू नका. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत या ट्रायब्युनलच्या, म्हणजे सैनिकांच्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. काही वकील अपिलाची पायरी गाळून थेट ट्रायब्युनलला जायला सांगतात आणि कधी कधी ते चालूनही जातं. तुमच्या फाइलला मी ती जोखीम घेणार नाही.

ट्रायब्युनलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल तुमच्या कामाचे आहेत. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत आला असं धरावं आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, हे २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात ठरलं. तो निकाल पेन्शनच्या १९८२ च्या नियमांवरचा आहे. यजमानांना २००८ चे नियम लागतात आणि त्यांत हे गृहीतक तितक्या स्पष्ट शब्दांत नाही, यावरून वाद होईल. दुसरा, मे २०२५ चा राजुमोन टी. एम. प्रकरणातला निकाल स्किझोफ्रेनियाचा होता. मेडिकल बोर्डाने कारणं न देता काढलेला निष्कर्ष न्यायालयाने तिथे टिकू दिला नाही. तुमच्या बोर्डाने २०१४ च्या भरतीबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून माझा भर या दुसऱ्या निकालावर राहील. सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांची चर्चा तुमच्या कानावर आली असेल. ते त्या तारखेपासून पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत, यजमानांना लागत नाहीत. आणि केस जिंकलात तर ३० टक्क्यांचे ५० टक्के धरले जाण्याची मागणीही करा. राम अवतार प्रकरणातल्या २०१४ च्या निकालाने तो लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला आहे.

वेळ किती लागेल विचारू नका. सरकारी बाजू उत्तर दाखल करायला तारखेमागून तारीख मागते, खंडपीठावर सदस्य नसले की महिने रिकामे जातात, आणि निकाल बाजूने लागला तरी खातं उच्च न्यायालयात जाऊ शकतं. ज्या माणसाला तीन तासांची सलग झोप लागत नाही, त्याला ही व्यवस्था वर्षानुवर्षं ताटकळत ठेवते, याचा मला मनापासून राग आहे. म्हणूनच पेन्शनवर डोळे लावून उपचार थांबवू नका.

खर्चाबद्दल बोलतो. ईसीएचएस पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, न घेता पॅनेलबाहेरच्या, म्हणजे योजनेच्या यादीत नसलेल्या, डॉक्टरांकडे केलेल्या नियमित ओपीडीचे पैसे परत मिळतील, असं मला वाटत नाही. शिवकांत झा प्रकरणात (२०१८) रुग्णालय यादीत नाही एवढ्यावरून खर्च नाकारता येणार नाही असं न्यायालय म्हणालं खरं. पण तिथे प्रसंग तातडीचा होता, आणि दर पंधरवड्याच्या ओपीडीला तातडी म्हणता येत नाही. त्या पावत्या पैशासाठी नाही तरी पुरावा म्हणून सांभाळा.

मागच्या गणपतीतलं बिल मात्र वेगळं काढा. यजमानांनी स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी फिट आली आणि जवळच्या रुग्णालयात दोन दिवस ठेवावं लागलं. ही खरी तातडी होती. त्यावर दावा करा. ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. तुमच्या मुलाने फोन केला म्हणता, पण लेखी काही नाही. मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉलचा तपशील काढून जोडा. मिळेलच असं सांगत नाही, पण मागायला जागा आहे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा असं एकदम बंद करू देऊ नका. त्यात जीव जातो.

इथून पुढे पॉलिक्लिनिकमधून मनोविकार ओपीडीचं रेफरल घ्या. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात सोय आहे, पण भांडुपहून सीएसएमटी आणि पुढे बस, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. पवईत बारा तासांची गार्डची ड्युटी करणाऱ्याला ते दर वेळी झेपणार नाही. म्हणून पूर्व उपनगरातलं किंवा ठाण्याचं पॅनेलवरचं रुग्णालय मागा. मधल्या काळात मुलुंडचे डॉक्टर सोडू नका. त्यांच्याकडून ‘दारू सुटली’ असा दाखला घेऊ नका, तो उलटा नियमाच्या बाजूने वाचला जाईल. मूळ आजार कोणता, त्याची लक्षणं कधीपासून, दारू त्यात केव्हा आली, यावर सविस्तर अभिप्राय मागा आणि त्याआधी २०१४ ची स्लिप त्यांना दाखवा. रात्री-अपरात्री अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. सशस्त्र दलांसाठीचा तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, आहे.

दिरांचा बेत रद्द करा. माणूस ओपीडीत स्वतःच्या पायाने जातो आहे, गोळ्या घेतो आहे. त्याला गाडीत घालून नेण्याचं कारणच उरत नाही. इच्छेविरुद्ध भरती करायची तर कायद्यात तज्ज्ञांची तपासणी, नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि मुदत असं सगळं ठरलेलं आहे. जिथे हे काही न विचारता माणूस ठेवून घेतात, ती जागा नोंदणीकृत आहे का, हे आधी विचारा.

राहिली गोष्ट सहीची. तुम्ही लिहिता, ते म्हणतात ‘मला सरकारची भीक नको’. अपील, माहिती अधिकाराचा अर्ज, वकीलपत्र, सगळ्यावर त्यांचीच सही लागेल. तुमची चालणार नाही, आणि त्यांच्या आजाराचे कागद त्यांच्या संमतीशिवाय कुणापुढे ठेवणंही बरोबर नाही. तुमचं ऐकत नसतील तर काश्मीरमध्ये त्यांच्याबरोबर असलेले जे सुभेदारसाहेब साताऱ्याला राहतात म्हणता, त्यांना घरी बोलवा. ते समजावतील. आणि परत आल्यानंतरच्या महिन्यांत हवालदारसाहेब कसे होते, दारूला कधी हात लागला, हे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदारही तेच आहेत. त्यांचं प्रतिज्ञापत्र त्याच भेटीत लिहून घ्या. नोटरी भांडुप स्टेशनजवळही मिळेल.