पौगंड म्हणजे नक्की किती वर्षांचा?

प्रश्न असा आहे: मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या, माणसाच्या मानसिक वाढीच्या आठ टप्प्यांपैकी पाचव्याला, म्हणजे साधारण 12 ते 18 या वयाला, 'पौगंडावस्था' म्हणतात. भागवतातला कृष्ण मात्र पौगंड वयात गाई राखायला निघतो, तेव्हा तो जेमतेम सहाचा. मग चुकतंय कोण?

कुणीच नाही. शब्दाचंच वय वाढलंय. वैष्णव ग्रंथांत येणारा जुना श्लोक सांगतो, 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि'. पाच वर्षं पुरी होईतो कुमार, दहापर्यंत पौगंड, त्यापुढे पंधरा-सोळापर्यंत किशोर. भागवताच्या दशम स्कंधात, पंधराव्या अध्यायाच्या आरंभीच, बलराम-कृष्ण पौगंड वयात येतात आणि गुराखी म्हणून त्यांना मान्यता मिळते. तोवर त्यांच्या हाती फक्त वासरं होती.

हा प्रसंग एरिक्सनच्या पाचव्या नव्हे, चौथ्या टप्प्याला चपखल बसतो. साधारण सहा ते बारा या वयात मुलाला काहीतरी करून दाखवायचं असतं. जमलं तर अंगात उद्यम येतो, सतत हिणवलं गेलं तर न्यूनगंड. वासरं नीट राखली म्हणून गाई सोपवल्या, यापेक्षा चांगलं उदाहरण शिक्षकांना कुठे मिळणार? 'मी कोण, पुढे कोण होणार' हा पाचव्या टप्प्यातला घोळ. मराठीत 'पौगंड' म्हटल्यावर आपल्याला आठवतो तो हाच, मिसरूड फुटलेला, आरशासमोरून न हलणारा.

मराठीने बाकीचे शब्दही इकडचे तिकडे केलेत. 1971 साली सुरू झालेलं बालभारतीचं 'किशोर' मासिक शाळकरी मुलांचं, तर 'कुमारभारती' नववी-दहावीचं पाठ्यपुस्तक! श्लोकातला कुमार अजून शाळेतही गेलेला नाही.

तेव्हा पाचव्या टप्प्यासाठी 'पौगंडावस्था' खुशाल लिहा, ती आता रूढ आहे. मात्र त्या वयाच्या मुलांशी बोलताना मी 'किशोरवय' वापरेन. 'पौगंड विनोद', 'पौगंड कविता' असं म्हणून म्हणून आपण त्या शब्दाला उथळपणाचा वास लावून ठेवलाय, आणि तो पोरांना बरोबर कळतो. जुन्या ग्रंथांचं भाषांतर करत असाल, तर 'पौगंड' तसाच ठेवून शेजारी वय लिहा. नाहीतर वाचक सहा वर्षांच्या कृष्णाला कॉलेजात बसवेल.