विमान कंपन्या फ्युएल वाचवतात त्याने कार्बन खरंच कमी होतो का?

तुम्ही विचारलंय की एअरलाइन्स फ्युएल वाचवायला नक्की काय करतात आणि त्याने कार्बन खरंच कमी होतो की नुसती जाहिरात असते. मी मुंबईत डिस्पॅचर आहे, म्हणजे फ्लाइटचा रूट, हवामान, किती फ्युएल घ्यायचं हे निघायच्या आधी काढून कॅप्टनबरोबर पक्कं करणं हे माझं काम, त्यामुळे रोज समोर दिसतं तेच सांगते.

कमी होतो. 1 किलो एटीएफ, म्हणजे विमानाचं फ्युएल, जळलं की साधारण 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो म्हणून आकडा तिपटीवर जातो. मुंबई-दिल्लीला ए320, म्हणजे एअरबसचं आपल्याकडे नेहमी दिसणारं विमान, साडेचार-पाच टन फ्युएल खातं, म्हणजे 15 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, 180 सीट भरलेल्या असतील तर माणशी 80 किलो. त्यामुळे जेवढं फ्युएल वाचलं तेवढा कार्बन वाचलाच, आणि फ्युएल हा आपल्याकडच्या कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च असल्यामुळे त्यासाठी त्यांना कोणी सांगावं लागत नाही. निओ, म्हणजे ए320 ची नवी आवृत्ती, ती विमानं घेतली ती त्यासाठीच, नवीन इंजिनांनी जुन्यापेक्षा जवळजवळ 15 टक्के कमी लागतं. पंखांची टोकं वर वळवलेली असतात ना, त्यानेही लांबच्या फ्लाइटला 4 टक्क्यांपर्यंत फरक पडतो. पायलटांच्या नकाशा-मॅन्युअलच्या जड बॅगा गेल्या, टॅबलेट आले, तेवढं वजन कमी झालं. लँडिंगनंतर रनवेपासून उभं राहायच्या जागेपर्यंत एकाच इंजिनावर जातात. शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं, विमान उभं असताना एसी आणि लाइट त्यावर चालतात, ते तासाला शंभर किलोच्या वर पितं, म्हणून बे वर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, आल्या आल्या जमिनीवरची केबल लावून ते बंद करायचं असतं. मे महिन्यात दुपारी मात्र केबिन तापते आणि जमिनीवरची थंड हवा पुरत नाही, मग ते परत चालू करावंच लागतं, लोक आत शिजतील नाहीतर. क्रू खिडकीची झडप खाली ओढायला सांगतात ती याचसाठी, तेवढं नक्की करा.

आता मुंबईचं. दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना कापतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. जुलैमधल्या पावसात दृश्यमानता पडली की येणारी विमानं वर घिरट्या घालत बसतात, आणि एक ए320 मिनिटाला 40 किलोच्या आसपास जाळतं. वीस मिनिटं होल्डिंग झालं की 800 किलो गेलं, अडीच टन कार्बन डायऑक्साइड, तेही कुठेही न जाता. अशा दिवशी कॅप्टन फोन करून म्हणतात, "अजून एक टन टाका, आज मुंबईचा भरवसा नाही." मी टाकते, त्यात काटकसर करायची नसते. पण ते एक टन वाहून न्यायलाही फ्युएल लागतं, तासाला त्याच्या साधारण 3 टक्के.

याच 3 टक्क्यांत खरी गोम आहे. एटीएफ जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्रात 25 टक्के होता, 2023 च्या बजेटमध्ये मुंबई महानगर, पुणे आणि रायगडसाठी 18 वर आणला, पण काही राज्यांत तो 5 टक्क्यांच्याही खाली आहे. मग काय होतं, विमान स्वस्त ठिकाणाहून परतीचं फ्युएलसुद्धा भरून आणतं, याला टँकरिंग म्हणतात. दोन तासांच्या फ्लाइटला 3 टन जास्त आणलं की ते आणण्यातच 180 किलो जळतं, म्हणजे अर्धा टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि तरीही कंपनीचे पैसे वाचतात! आमचं सॉफ्टवेअरच सांगतं की आज या सेक्टरला, म्हणजे या रूटला, टँकरिंग फायद्याचं आहे आणि मी तसा प्लॅन काढते, नियमात बसतं सगळं, पण मला ते दर वेळी खटकतं. जिथे पैसा आणि कार्बन एकाच बाजूला असतात तिथे कंपन्या स्वतःहून वाचवतात, उलट दिशेला गेले की कोणीही वाचवत नाही, तिथे सरकारनेच मध्ये पडायला हवं. युरोपात नियमच आहे की ज्या एअरपोर्टवरून उडायचं तिथून लागणारं वर्षाचं 90 टक्के फ्युएल तिथेच भरायचं. आपल्याकडे एटीएफ जीएसटीत आणून सगळीकडे एकच दर केला तरी बरंच टँकरिंग थांबेल असं माझं मत आहे.

सस्टेनेबल फ्युएल म्हणजे एसएएफ, खनिज तेलाऐवजी वापरलेलं तेल, पिकं, काडीकचरा यांपासून केलेलं विमानाचं फ्युएल, त्याचंही तसंच, साध्या एटीएफच्या दुप्पट-तिप्पट किंवा अजून महाग, त्यामुळे जगात एकूण वापराच्या 1 टक्काही नाही. मे 2023 मध्ये पुणे-दिल्ली फ्लाइट देशी एसएएफ मिसळून उडाली, त्यात पुण्याची प्राज ही कंपनी होती, पण मिश्रण होतं 1 टक्क्यापर्यंतच. सरकारने 2027 ला 1, 2028 ला 2 आणि 2030 ला 5 टक्के असं टार्गेट ठेवलंय, तेही आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सना, मुंबई-दिल्लीला नाही. आणि ते इथेनॉलपासून करायचं म्हटलं की उसावर येतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तिथे विमानासाठी अजून ऊस लावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हॉटेलांचं वापरलेलं तेल, शेतातला काडीकचरा, उसाचं पाचट यापासून होत असेल तर महाग पडलं तरी आधी ते करावं, आणि तिकिटामागे थोडे पैसे वाढले तर मी स्वतः द्यायला तयार आहे.