फ्रान्समध्ये गाड्यांची वर्दळ नसलेला, पहिल्याच टूरला झेपेल असा सायकलमार्ग कोणता?

बोर्दो ते तुलूझ, गारोन कालव्याच्या काठाने. बोर्दोजवळून सोव्हतेर-द-ग्विएनपर्यंत जुन्या रेल्वेच्या जागी केलेला रॉजे लापेबी मार्ग आहे. तिथून कालव्यापर्यंतचा थोडा पट्टा तेवढा गावाकडच्या रस्त्यांनी. पुढे काठ जवळपास सगळा डांबरी, चढ फक्त लॉकपाशी (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे कालव्याचे दरवाजे) आणि तोही जेमतेम. म्हणून सामान लादलेली सायकलही ३२ मिमी रुंद टायरवर निवांत चालते. वाटेतल्या आजँ शहरात तर कालवाच दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो, तिथे थांबाच. मात्र तुलूझच्या पुढे कानाल द्यु मिदी या कालव्यावर साधारण ५० किमीने डांबर संपतं. मग माती आणि वर आलेली झाडांची मुळं. तिथे ४० मिमी टायर हवेत, आणि पावसानंतर मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक जाम होतं.