रोज चालतो, रिपोर्ट ठीक आहेत, तरी पन्नाशीनंतर शरीर साथ का देत नाही?

तुम्ही लिहिलंय की वय ५३, रोज पाऊण तास चालता, वजन पंधरा वर्षांत जवळपास तेवढंच आहे, रिपोर्ट सगळे ठीक. तरी पँट कंबरेला घट्ट होते आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागतो. वयानुसार काय बदल करावेत आणि कोणती सप्लिमेंट्स सुरू करावीत, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं तर वाचून पुढे जाणार होते. पण ‘रिपोर्ट सगळे ठीक’ हे शब्द दिसले आणि राहवेना. माझेही ठीकच होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी पूर्ण होऊन दोनेक महिने झाले होते. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीचं टोपण हातातून निसटलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. मी गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, मग सरळ आडवीच झाले आणि टोपण काढलं. उठायला गेले तर उठता येईना.

दुखत काहीच नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. गुडघा दुखत नव्हता, कंबर धरली नव्हती, चक्करही नव्हती. एक पाय पुढे घ्यायचा, त्यावर भार द्यायचा आणि वर यायचं, एवढंच काम. मांडी थरथरायची आणि मी परत खाली. डावा पाय करून पाहिला, उजवा करून पाहिला. पलंगाची कड धरावी तर ती इतकी रुंद की पकड बसेना. तिकडे टेबलावर फोन वाजत होता. ताईचा असणार, त्या वेळेला तीच करते. तीनदा वाजून थांबला. शेवटी बसल्या बसल्या सरकत खुर्चीपाशी गेले, ती ढकलत ढकलत भिंतीला टेकवली, तिच्यावर पोट टाकलं आणि हातांच्या जोरावर कशीबशी वर आले. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. टोपण अजून मुठीतच होतं.

आणि ही बाई अकरा वर्षं रोज पाच किलोमीटर चालत होती! पावसात खाडा नाही, प्रवासात खाडा नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं चौकटीत. डॉक्टर दर वर्षी रिपोर्ट बघून ‘उत्तम’ म्हणायचे आणि मी मिरवायचे. त्या अकरा वर्षांत ‘हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा’ असं मला एकानंही म्हटलं नाही. रक्ताच्या तपासणीत मांडीचा जोर दिसत नाही.

ताईला परत फोन केला आणि झालेलं सांगितलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचा सल्ला तिथल्या तिथे तयार होता : ‘यापुढे खाली वाकायचंच नाही. वयाला मान द्यावा माणसानं.’ नुसतं बोलून थांबली नाही, आठवड्याभरात लांब दांड्याचा एक चिमटा पाठवून दिला, जमिनीवर पडलेल्या वस्तू उभ्यानंच उचलायचा. मला त्या चिमट्याचा जो राग आला, तो आजतागायत गेलेला नाही. दाराआड उभा आहे तो. आमचा वाद तिथपासून सुरू झाला आणि चार वर्षं चालू आहे. तेव्हा माझं उत्तर थोडं तिलाही उद्देशून आहे, हे समजून घ्या.

आता तुमच्या पँटकडे येते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या घटीला सार्कोपेनिया म्हणतात. हे नावसुद्धा १९८९ सालचं, म्हणजे आपल्या आधीच्या पिढीनं या सगळ्याला नुसतं ‘म्हातारपण’ म्हटलं आणि सोडून दिलं. स्नायूच्या जागी चरबी आली की वजनाचा काटा जागचा हलत नाही, पण कंबर वाढते. तुमचं ‘वजन तेवढंच आहे’ म्हणजे चांगली बातमी असेलच असं नाही. आणि कृपा करून ‘या वयात मेटाबॉलिझम मंदावतो’ हे कारण पुढे करू नका. २०२१ साली २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र करून पाहिली गेली. शरीराचा आकार आणि बांधा हिशेबात धरला, तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो, घसरण साठीनंतर सुरू होते आणि तीही वर्षाला ०.७ टक्क्यांच्या आसपास. माझ्याकडे ते कारण आहे, तुमच्याकडे अजून सात वर्षं नाही.

दुसरं म्हणजे सगळे स्नायू सारखे झिजत नाहीत. झटकन आकसणारे, जोर लावणारे तंतू आधी आणि जास्त झिजतात. अडखळल्यावर पाय चटकन पुढे टाकून तुम्हाला सावरतात ते हेच. जमिनीवरून उठवतात तेही हेच. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालताना त्यांना फारसं कामच पडत नाही. म्हणून मी अकरा वर्षं चालले आणि ते तंतू अकरा वर्षं स्वस्थ बसून होते. आठवड्याला १५० मिनिटं चाला, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत त्याच्या जोडीला हेही आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा. तेवढं कुणी सांगत नाही. दहा हजार पावलांचं तर बोलूच नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला.

टोपण प्रकरणानंतर मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनं हात छातीशी घडी करायला सांगितले आणि ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजलं. सात. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा तरी यायला हव्यात, पुरुषाला चौदा. मी म्हटलं, ‘अगं, मी रोज पाच किलोमीटर चालते.’ ती म्हणाली, ‘दिसतंय ना. पायांना चालता येतंय, उठता येत नाहीये.’ रागच आला होता तेव्हा.

सुरुवात उशी ठेवलेल्या उंच खुर्चीवरून उठण्यापासून झाली. मग उशी गेली. मग हातात पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल. भिंतीला हात टेकून ढकलणं, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, काहीतरी जड स्वतःकडे ओढणं. रोज नाही, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. शेवटच्या दोन-तीन वेळा करताना ‘आता होत नाही’ वाटलं पाहिजे. वीस वेळा सहज होत असेल तर वजन वाढवायची वेळ झाली. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर गुलाबी रंगाची अर्ध्या किलोची डंबेल्स हलवण्यात पहिले दोन महिने गेले नसते.

मग मी अतिउत्साह केला. पाचव्या महिन्यात एकदम मोठं वजन डोक्यावर उचललं आणि खांदा भरला. सहा आठवडे सगळं बंद. स्नायू लवकर तयार होतात, ते हाडाला बांधणारे कंडरे मागून येतात, हा धडा तेव्हा मिळाला. ताई फोनवर ‘मी म्हणत नव्हते’ असं म्हणाली नाही. फक्त दोन सेकंद गप्प राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

मी तिला पुरावे देते, ती ते खोडते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथं पाच धडधाकट, वीस वर्षांच्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीला आल्यावर, पुन्हा तपासलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वाढत्या वयानं जितकी घटली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं घटली होती. वर सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवल्यावर वयानं गेलेली क्षमता परतही आली. म्हणजे वयापेक्षा आराम महाग पडला. ताई म्हणाली, ‘ती विशीतली पोरं होती गं.’

बरं. मग १९९० चा प्रयोग सांगितला. वृद्धांच्या निवासात राहणारी, ८६ ते ९६ वयाची दहा माणसं. आठ आठवडे पायांनी चांगलं जड वजन ढकलायला लावलं. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ताई म्हणाली, ‘त्यांच्यामागे डॉक्टर उभे होते.’ यावर काय बोलणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की चिमट्यासारखी प्रत्येक सोय शरीराकडून एकेक काम काढून घेते. खाली वाकणं बंद केलं की सहा महिन्यांनी खरंच वाकता येत नाही, आणि मग आपण म्हणतो, बघा, वय झालं. ताईनं आधी वाकणं सोडलं, मग जिना सोडला, आता रस्ता ओलांडायला हात धरावा लागतो. ती सत्तरीची आहे. याला मी वय म्हणायला तयार नाही.

(ज्यांचे सांधे खरोखर झिजलेत किंवा ज्यांना पडण्याचा धोका आहे, त्यांना चिमटा, काठी, कठडा हे सगळं लागतं आणि त्यात कमीपणा नाही. ताईच्या गुडघ्याचा एक्स-रे माझ्यापेक्षा वाईट आहे, हे मला मान्य आहे. पण गुडघेदुखीतसुद्धा मांडी बळकट करायलाच सांगतात, हेही तिनं मान्य करावं.)

बाकीचं थोडक्यात. तोल वेगळा साधावा लागतो. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का ते आजच बघा, जवळ धरायला काहीतरी ठेवून. दात घासताना मी हेच करते. तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, तेव्हा तहान लागायची वाट बघू नका. प्रथिनांचं प्रमाण प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात, उतारवयात ते १ ते १.२ ग्रॅम असावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. झोपेचं मला विचारू नका, माझीच धड होत नाही.

आणि हे मी खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. जिना चढताना दम लागणं हे नवीन असेल, वाढत असेल, किंवा छातीत दडपण येत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी हृदय तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही. रिपोर्टमध्ये या गोष्टी होत्या की नुसती साखर आणि कोलेस्टेरॉल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळं ठीक निघालं तर मात्र बहुधा पाय आणि दम दोन्ही कमवायचे राहिलेत. मग सपाट रस्ता सोडून आठवड्यातून दोनदा चढावर चाला, बोलताना वाक्य तुटेल इतक्या वेगानं.

सप्लिमेंट्सचं राहिलंच. ड जीवनसत्त्व आणि बी १२ तपासून घ्या आणि कमी निघालं तरच घ्या. वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी १२ नीट शोषलं जात नाही, आणि आम्लपित्ताच्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते घटतं. यापलीकडे मी काही घेत नाही. ताईच्या कपाटात सात डबे आहेत, त्यातले दोन ‘ताकदीचे’. १९९४ साली त्या १९९० च्या प्रयोगाच्याच धर्तीचा मोठा प्रयोग झाला होता : १०० माणसं, सरासरी वय ८७, दहा आठवडे. काहींना व्यायाम, काहींना नुसतं पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्हींपैकी काही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. नुसत्या पेयानं काही साधलं नाही. हा प्रयोग मी ताईला अजून सांगितलेला नाही. रविवारी तिचा फोन येईल तेव्हा सांगणार आहे.