1966 ची फोर्ड मस्टँग घेतली आहे. पुढच्या सस्पेन्शनला कुठल्या गाड्यांचे पार्ट बसतील? फोर्डच्याच फाल्कनचे चालतात का?

1964-65 च्या फाल्कनचे बरेचसे चालतात. 1966 च्या फाल्कनच्या नादी लागू नका, त्या वर्षी ती फोर्डच्याच मोठ्या फेअरलेन गाडीच्या सांगाड्यावर गेली. 1967 च्या मस्टँगचे कंट्रोल आर्मही (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे) नकोत, ती गाडी रुंद झाली. पण तुमची सहा सिलिंडरची आहे की व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. आमच्या साडूंनाही ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

त्यांचीही 1966 चीच. व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, दुसऱ्या जागी टी, म्हणजे मेटचन कारखान्याची. हा कारखाना इथे न्यू जर्सीत, आमच्या एडिसनमध्येच होता, 2004 साली बंद झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हा टी दाखवतात. पाचव्या जागीही टी आहे, तो मात्र कधी वाचला नाही. त्याचा अर्थ 200 घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. आणि बॉनेटखाली बसलंय 289 व्ही-एट! आधीच्या कुणा मालकाचा उद्योग.

साडूंनी इंजिन बघून व्ही-एटचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे दांडे चाकाकडे जोडणारे सांधे) मागवले. मी म्हटलं, "भाऊ, आधी चाकाचे नट मोजा." तर गणपतीच्या जेवणाला, भरल्या पंगतीत, "तू आपला कोड लिही रे!"

नट निघाले चार. कारखान्यातून व्ही-एट आलेल्या मस्टँगला पाच असतात. म्हणजे इंजिन बदललं, पण स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग) सहा सिलिंडरचेच आणि ब्रेकचे ड्रमही 10 ऐवजी 9 इंची. टाय रॉडचा निमुळता बोल्ट स्टिअरिंग आर्मच्या भोकात बसेचना, तर हे हातोडी शोधायला निघाले! स्टिअरिंगच्या सांध्यावर हातोडी चालवणाऱ्याला माझ्या लेखी गाडीतलं काही कळत नाही.

तेव्हा वेबसाइटवर नुसतं वर्ष-मॉडेल टाकून ऑर्डर देऊ नका. गाडीखाली शिरा, वायरब्रशने ग्रीस खरवडा, पार्टवरचा नंबर वाचा. सी5झेड अशी सुरुवात असेल तर सी म्हणजे साठचं दशक, 5 म्हणजे 1965, झेड म्हणजे मस्टँग. 1966 च्या गाडीवर सी5 दिसलं म्हणून दचकू नका, हे डिझाइनचं वर्ष असतं. नव्या पार्टच्या खोक्यावरचा नंबरही सहसा वेगळा असतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर लिंकेज (स्टिअरिंगचे जोडदांडे) वेगळं, तेही बघून घ्या.

हो, नट पाच असले तरी ड्रमचं माप घ्याच, मधल्या साठ वर्षांत कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. व्ही-एट निघालं आणि स्पिंडल सहाचे, तर स्प्रिंगा राहू द्या. आधी व्ही-एटचे स्पिंडल, लिंकेज आणि 10 इंची ड्रम घाला. साडू अजून 9 इंचीवरच चालवतात आणि "काही होत नाही" म्हणतात. मी त्यांच्या गाडीत बसत नाही.