गावात राहून वेगवेगळ्या वस्तूंचे प्रोटोटाइप करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा करून तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी परत आलात. सायकल डवरा (सायकलच्या चाकावर हाताने ढकलत पिकातलं तण काढायचं अवजार), बांबूच्या वस्तू, मातीची भांडी असं बरंच काही करून पाहायचं आहे. शहरातल्या लॅबशिवाय हे जमेल का, आणि थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

जमतं. माझं वर्धा जिल्ह्यात वेल्डिंगचं दुकान आहे. शेतीची अवजारं दुरुस्त करणं आणि कुणी नवी कल्पना घेऊन आलं तर तिचा पहिला नमुना करून देणं, हे माझं काम. बुरड, कुंभार, विणकर यांच्याकडे मी मुद्दाम जाऊन बसतो, कारण नमुना कसा करावा हे मला त्यांच्याकडूनच जास्त कळलं. प्रत्येक कामात एक गोष्ट वेळखाऊ असते आणि बाकीच्या चटकन बदलता येतात. वेळखाऊ कोणती ते आधी ओळखायचं, ती एकदाच करायची, आणि तेवढ्यात बाकीचे जितके प्रकार बसतील तितके बसवायचे.

कोसा विणणाऱ्यांचं बघा. भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव त्यासाठी नावाजलेलं आहे. मागावर ताणा (उभे धागे) चढवायला फार वेळ जातो, बाणा (आडवा धागा) मात्र कांडी बदलली की बदलतो. म्हणून एकाच ताण्यावर वीतभर एक बाणा, पुढे वीतभर दुसरा असं विणून पाहता येतं. रंग, जाडी, विणीचा घट्टपणा सगळं शेजारी शेजारी दिसतं.

कुंभाराकडे वेळखाऊ गोष्ट म्हणजे भट्टी. त्यामुळे भट्टी लागायच्या आधी निरनिराळ्या मिश्रणांच्या पट्ट्या तयार ठेवा: कुठे रेती जास्त, कुठे राख. प्रत्येक पट्टीवर ओली असतानाच नंबर कोरा, कारण पेनाने लिहिलेलं जळून जातं. आणि बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. भाजल्यावर ती ९ सेंटिमीटर भरली, तर ती माती दहा टक्के आटते हे तुम्हाला पट्टीनेच सांगितलं. झाकण नीट बसणारं भांडं करायचं असेल तर या आकड्याशिवाय पुढे जाऊ नका. भद्रावतीचा ग्रामोदय संघ जरूर पाहून या, सिरॅमिकचं काम तिथे पाहायला मिळतं.

बांबूचं उलटं आहे. घडवणं झटपट, वाळणं सावकाश. हिरव्या बांबूचा आज घट्ट बसलेला सांधा वाळल्यावर ढिला पडतो. खुर्चीची उंची, बसण्याचा कोन, हातात धरायला सोयीचं आहे का, हे सगळं हिरव्या बांबूवर दिवसभरात ठरवा. सांध्याबद्दलचं मत मात्र वाळलेल्या, किडीसाठी प्रक्रिया केलेल्या बांबूवरच बनवा. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आता डवरा, कारण तुमचा मुख्य ओढा तोच दिसतो. इथे वेळखाऊ गोष्ट म्हणजे हंगाम. पराटीत, म्हणजे कपाशीत, डवरणीचे दिवस मोजके, त्यात पाऊस लागून राहिला तर आपल्या काळ्या मातीत वापसाच मिळत नाही, म्हणजे जमीन काम करण्याजोगी सुकतच नाही. पोरं काय करतात, दुकानात एक सुंदर डवरा पक्का वेल्डिंग करून नेतात, रंगही देतात, आणि वावरात गेल्यावर पास (तण कापणारं पातं) जमिनीत घुसत नाही. परत दुकानात येईपर्यंत पाऊस. म्हणून सांगाडा एकच करा, पण पास पट्टीला नटबोल्टने लावा आणि पट्टीला भोकांची ओळ पाडा, म्हणजे कोन आणि खोली वावरातच एका पान्यावर बदलेल. पासा तीन-चार तऱ्हेच्या सोबत न्या. पासा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या करा. गावातल्या लोहाराला ते पोलाद तापवून पाणी द्यायचं चांगलं कळतं, आणि तुमच्या डिप्लोमात ते हाताने शिकवलं नसेल. सांगाड्यालासुद्धा आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी.

मग पिकाच्या दोन ओळींमधल्या एका पट्ट्यात एक पास, शेजारच्या पट्ट्यात दुसरी. वेळ मोजा, मागे उरलेलं तण मोजा, पासेला चिकटलेली माती खरवडून तिचं वजन करा. डवरा तुम्ही चालवू नका. रोज निंदणाला जाणाऱ्या बायांच्या हातात द्या, त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या, आणि कसा धरायचा ते सांगू नका. मूठ त्यांना उंच पडते का, पाठ कुठे वाकते, किती वेळाने थांबतात, हे बघत राहा. नमुना कुणासाठी करायचा याचं उत्तर तिथेच मिळतं.

हंगामाला धरून राहणं काय असतं ते चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी दाखवलं. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून, वेगळ्या पेरून, वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी जो वाण तयार केला तो आज आपण एचएमटी म्हणून खातो. जमीन दीड एकर. धानात चक्र वर्षाचं असतं, ते कुणालाच घाईत उरकता येत नाही. लॅब नाही म्हणून थांबलेल्या प्रत्येकाला मी हे नाव सांगतो.

थ्रीडी प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नका. भारनियमनात रात्रभराची प्रिंट अर्धवट राहते, आणि नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात ठेवलेला भाग वाकणारच. टोकण यंत्राच्या (ठरावीक अंतरावर बी टाकणाऱ्या यंत्राच्या) बियाण्याच्या चकत्यांसाठी मात्र तो खरंच कामाचा आहे: सरकी, तूर, सोयाबीन यांच्यासाठी निरनिराळ्या मापाच्या खाचा एकाच वेळी करून पाहता येतात. त्या शहरातून छापून आणा.

आणि काहीही कापायच्या आधी अटी लिहा. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हाच्या अटी मी दुकानात लावल्या आहेत. बाईला सलग ८ तास फार कष्ट न पडता चालवता यावा, तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) १६,००० फूट सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या आत, २० वर्षं टिकावा, वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला त्या अटींचं मोल त्यातच वाटतं: नमुन्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणता येईल इतक्या त्या नेमक्या होत्या. वर्ध्याला आलात तर मगन संग्रहालयातले चरखे पाहा, एकाच कामासाठी माणसांनी किती तऱ्हा करून पाहिल्या ते कळेल.

तुमच्या डवऱ्यासाठी अशाच पाच ओळी लिहा. दुरुस्तीची ओळ विसरू नका: मोडला तर गावातल्या लोहाराकडे, त्याच दिवशी, किती रुपयांत नीट होईल? पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी पहिली डवरणी येते, तोवर सांगाडा आणि पासा तयार हव्यात, आणि ज्यांच्या वावरात चाचणी करायची त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा.