हार्मोनियम कपाटात ठेवा: वाद्याविना समूहगायनाच्या शंका

या महिन्यातले प्रश्न अकॅपेलाचे, म्हणजे साथीला एकही वाद्य न घेता चार-सहा-दहा गळ्यांनी मिळून गाण्याचे. लिहिणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले आहेत. सूर उतरण्याच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आम्ही अकरा जण आहोत, सात मुली आणि चार मुलं. गाणं शिकलेल्या दोघीच. सोप्रानो, आल्टो (मुलींचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (मुलांचे तसेच दोन) असे चार गट कसे पाडायचे आणि पट्टी कोणती घ्यायची? (वाचक, नाशिक)

चार गट पाडूच नका. चार मुलांचे दोन गट केले की एकेका सुरावर दोघेच उरतात, आणि दोघांचा सूर जुळवणं हे समूहगायनातलं सगळ्यात कठीण काम. एकटा गातो तेव्हा फरक पडायला दुसरा कोणी नसतो. तिघे-चौघे गातात तेव्हा बारीकसारीक फरक एकमेकांत मुरून जातात. दोघांमधला फरक मात्र उघडा पडतो. म्हणून तीन सोप्रानो, चार आल्टो आणि चारही मुलं एका सुरावर, असे तीनच गट ठेवा.

आवाज तपासताना ‘कितीपर्यंत वर जातेस?’ असं विचारलं की प्रत्येक जण ताणून दाखवतो. त्यापेक्षा तंबोऱ्याच्या ॲपवर पांढरी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) लावा, ‘ऊ’कारात हळूहळू वर न्या आणि आवाजाचा पोत कुठे बदलतो ते ऐका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कारण पहिल्या वेळी गळा तापलेला नसतो. पांढरी एकचा षड्ज धरला तर नवख्या सोप्रानोला मध्य सा ते तार म, आल्टोला मंद्र प ते तार सा आणि मुलांना त्यांच्या सप्तकात मंद्र ध ते तार रे एवढा टापू पुरे. चाल याबाहेर जात असेल तर पट्टी बदलून पाहा. तरीही मावली नाही तर चाल बदला.

एकट्याने काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलींना पांढरी एक किंवा दोन उंच वाटते. पण मुलं आणि मुली एकाच पट्टीत, एका सप्तकाच्या अंतराने गाणार असतील तर हाच सोयीचा मध्य आहे. शिकलेल्या दोघींना एकाच गटात घालू नका. एक आल्टोत हवीच. मधला सूर ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही, आणि तो सुटला की गाणं कोसळतं.

सुरुवात बरोबर होते, पण तीन मिनिटांचं गाणं संपेपर्यंत आम्ही अर्धा-पाऊण स्वर खाली आलेलो असतो. हार्मोनियमवर सराव केला की सूर राहतो, ती काढली की पुन्हा घसरतो. (वाचक, पुणे)

हार्मोनियममुळे दोष झाकला जातो, बरा होत नाही. किंबहुना थोडा तिच्यामुळेच होतो.

आजची हार्मोनियम समान भागांच्या सप्तकात लावलेली असते. बारा स्वर, प्रत्येकात १०० सेंटचं अंतर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंटनी खाली. वाद्य नसलेल्या गळ्यांना सा-ग-प एकत्र धरताना हा दुसरा गंधार हवा असतो. मध्य षड्ज पांढरी एकवर असताना वरून हार्मोनियमचा गंधार गायला तर दोन्ही आवाजांच्या उपस्वरांची (मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांची) टक्कर होते आणि सेकंदाला साधारण दहा वेळा थरथर ऐकू येते. स्वयंभू गंधारावर आलं की ती थांबते.

हे करून बघाच. खोलीत पंखा बंद करा. मुलांनी सा धरायचा, सोप्रानोंनी प, दोन्ही ‘ऊ’कारात, मध्यम आवाजात, कंप न देता. मग एकाच आल्टोने गंधार मुद्दाम जरा चढा घ्यायचा आणि केसाकेसाने खाली आणायचा. थरथर आधी जलद असते, मग संथ होते, मग एका क्षणी नाहीशी होते आणि खोलीत कोणीच गात नसलेला एखादा वरचा सूर वाजल्यासारखा वाटतो. जिने तो क्षण ऐकला तिला पुढे ‘गंधार चढा आहे’ असं सांगावं लागत नाही. रोज तालमीच्या सुरुवातीला पाच मिनिटं एवढंच करा. मोबाइलवरचा ट्यूनर या गंधाराला ‘खाली’ म्हणेल. त्याचं ऐकू नका.

मग तुमचा सूर उतरतो कशामुळे? नेहमीची कारणं आधी तपासा. एकच स्वर लागोपाठ पाच-सहा वेळा आला की प्रत्येक वेळी तो थोडा खचतो. तो दर वेळी नव्याने, वरून ठेवल्यासारखा घ्या. उतरताना पावलं मोठी पडतात आणि चढताना छोटी. हळू गाताना दमसासही हळू होतो, तो होऊ देऊ नका. आणखी एक सोपा उपाय: पट्टी अर्ध्या स्वराने वर न्या. पांढरी चारवर रोज घसरणारं गाणं काळी तीनवर जागेवर राहतं, असं पुष्कळदा होतं, कारण ज्या स्वरावर गळ्याचा पोत बदलतो तो चालीतल्या वेगळ्या जागी जातो.

यानेही भागलं नाही तर स्वरसंगती, म्हणजे एकत्र गायचे स्वरांचे गुच्छ, बघा. पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यात एक फेरी सतत येते: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नी-रे, आणि परत सा-ग-प. प्रत्येक पायरीवर आधीच्या गुच्छातला एखादा स्वर धरून ठेवला आणि बाकीचे त्याच्याशी अचूक जुळवले, तर फेरी संपताना षड्ज सुमारे २२ सेंटनी खाली आलेला असतो. पाच फेऱ्यांत अर्ध्या स्वराहून किंचित जास्त. गंमत म्हणजे इथे कोणीही बेसूर गायलेलं नसतं!

गोम रिषभात आहे. धैवताशी जुळवलेला रिषभ त्रिश्रुती, म्हणजे किंचित खालचा, आणि पंचमाशी जुळवलेला चतुःश्रुती, म्हणजे किंचित चढा. दोघांत एका प्रमाणश्रुतीचा, म्हणजे त्याच २२ सेंटचा फरक. ज्या गटाकडे रिषभ आहे त्याने रे-म-धमध्ये तो जरा सैल ठेवायचा आणि प-नी-रे येताच तोच रिषभ किंचित चढवून घ्यायचा. स्वरलिपीत तिथे वर जाणारा छोटा बाण काढा. तंबोरा लावून ही फेरी दहा वेळा गायली की हात धरून नेल्यासारखं रिषभाला कळतं.

शेवटी मोजमाप. गाणं तंबोऱ्याशिवाय रेकॉर्ड करा आणि पहिला व शेवटचा षड्ज ट्यूनरवर बघा. इथे ट्यूनरचा उपयोग आहे. फरक २० सेंटच्या आत असेल तर नवख्या मंडळींनी स्वतःला शाबासकी द्यावी.

भूप किंवा दुर्गा रागातल्या चालीला आम्ही दुसरा-तिसरा सूर लावला की ते फिल्मी वाटतं. राग बिघडवल्याचा ठपकाही येतो. काय चुकतं? (वाचक, रत्नागिरी)

ठपका बहुधा योग्य आहे. भूपात सा रे ग प ध एवढेच स्वर. त्यांतून तीन स्वरांचे एकाआड एक रचलेले गुच्छ फक्त दोन निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. कीबोर्डवरून संगती बसवणारा तिसऱ्या ओळीला हमखास म किंवा नी आणतो आणि तिथे भूप संपतो. दुर्गाचंही तसंच, म-ध-सा आणि रे-म-ध एवढे दोन.

तेव्हा गुच्छांचा नाद सोडा. पुरुषांनी सा-पचा भरणा द्यायचा, पण श्वास एकदम न घेता पाळीपाळीने, म्हणजे धारा तुटत नाही. वर चाल. आणि तिसऱ्या गटाने तीच चाल उशिरा सुरू करायची. भूपात लगतच्या अर्ध्या स्वराची टक्कर शक्यच नाही, त्यामुळे चालीवर चाल चढवली तरी कान दुखत नाहीत. केरव्याच्या आठ मात्रांच्या ओळी असतील तर दुसरा गट एक आवर्तन उशिरा येऊ द्या; चार मात्रांनी आणलात तर शब्द एकमेकांत अडकतात. ओवी किंवा साधी भजनी चाल यासाठी सर्वांत चांगली, कारण ओळी सारख्या लांबीच्या असतात. मींड आणि मुरक्या एकाच गळ्याकडे ठेवा. सात जणी मिळून मुरकी घेतात तेव्हा ती मुरकी राहत नाही.

भारतीय चालींना अनेक सुरांत बांधण्याचा प्रयत्न नवा नाही. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर उभा केला तो याच ध्यासातून.

गोव्यातले मित्र कुठलंही गाणं ऐकलं की सहज ‘दुसरा’ सूर लावतात. आम्हाला का जमत नाही? (वाचक, सावंतवाडी)

कारण त्यांच्या कानांवर लहानपणापासून तो पडलेला असतो. मांडो, म्हणजे तिथली पारंपरिक कोकणी गाणी, दोन सुरांत गातात, दुसरा आवाज मुख्य चालीच्या तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर समांतर चालतो. त्यात पॅरिशच्या संगीतशाळांमधलं सॉल्फेजचं (डो-रे-मी म्हणत स्वर वाचण्याचं) वळण आणि चर्चमधलं गाणं. जन्मजात वगैरे काही नाही. तुम्हीही आरती म्हणताना रोज एकीने चालीच्या दोन स्वर खालून गायचा सराव करा: चाल ग तर तुम्ही सा, चाल म तर रे, चाल प तर ग. सरगम म्हणतच करा, शब्द नंतर. जिथे कानाला खटकेल, विशेषतः ओळीच्या शेवटी, तिथे समांतर सोडून षड्जावर या. महिनाभरात हात बसतो.

सगळे नोकरी करणारे. दर रविवारी तीन-चार जण गैरहजर. तालीम कशी आखावी? (वाचक, ठाणे)

प्रत्येक गटाचा सूर एकाने स्पष्ट गाऊन रेकॉर्ड करा आणि प्रत्येकाला दोन फाइली द्या: एकीत फक्त त्याचा सूर, दुसरीत त्याचा सोडून बाकी सगळे. दुसरी फाइल जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक बनवत नाहीत. गैरहजर राहिलेला पहिली ऐकून पाठ करतो, पण दुसरीवर गाताना त्याला कळतं की येतंय की नाही.

दोन तासांत पहिली बारा मिनिटं गळा तापवायला: अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून त्यातून गुणगुणत खालीवर जायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मग पाच मिनिटं तो गंधार. पस्तीस मिनिटं गट वेगवेगळ्या खोल्यांत, दहा मिनिटं चहा, उरलेला वेळ एकत्र. एकत्र गाताना सुरुवात गाण्याच्या शेवटच्या कडव्यापासून करा, नाहीतर पहिलं कडवं उत्तम आणि शेवटचं कधीच बसत नाही. आवाज बसला असेल त्याने येऊन नुसतं ऐकावं, कुजबुजूसुद्धा नये. तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

आम्ही न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलं-मुली. सूर ठीक आहेत, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्द धुरकट ऐकू येतात. आई म्हणते, ‘मराठी वाटतच नाही.’ (वाचक, एडिसन)

आई बरोबर आहे. तुमच्याकडे दक्षिण आशियाई अकॅपेलाची परंपरा जुनी आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला पेन मसाला हा गट १९९६ मधला. पण त्या धाटणीत हिंदी आणि इंग्रजी शब्दांना लागणारं तोंड मराठीला पुरत नाही. ‘चंद्र’मधला च तालव्य, ‘चांदणं’मधला दंत्य. अर्धा गट एक आणि अर्धा दुसरा म्हणाला की त्या जागी नुसती फसफस होते. गाणं हातात आलं की प्रत्येक च, ज आणि झवर खूण करा आणि घरातल्या मोठ्यांकडून एकदा वाचून घ्या. ळ लांबवता येत नाही, तो स्वराच्या शेवटी झटकन. ‘मन’, ‘घर’ अशा शब्दांत शेवटचं अक्षर कोणत्या मात्रेवर बंद करायचं ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा, म्हणजे सात ठिकाणी सात ‘न’ वाजणार नाहीत. आणि शब्दान्तीच्या ‘अ’ला ‘आ’ करू नका. इंग्रजी लिपीतून वाचणाऱ्यांची हीच सवय सर्वांत चिवट असते.

गाजलेलं भावगीत आमच्या पद्धतीने बांधून गायलं तर परवानगी लागते का? (वाचक, कोल्हापूर)

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर गायलेलं चालतं. तिकीट लावलं किंवा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की ही सूट गृहीत धरू नका. शिवाय नवी स्वररचना बांधणं हे कायद्याच्या भाषेत रूपांतर, त्याचा हक्क मूळ मालकाचा. हक्क कवी किंवा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळे. संतांचा अभंग मोकळा असेल, पण त्याला गेल्या पन्नास वर्षांत लावलेली चाल बहुधा मोकळी नाही. पारंपरिक चाल घ्या, किंवा स्वतः लावा.

आमचा बीटबॉक्स करणारा (तोंडाने तालवाद्याचे आवाज काढणारा) मुलगा माईक हातात आला की बाकी कोणी ऐकूच येत नाही. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

त्याला माईक ओठांना चिकटवायची सवय असेल. दिशादर्शी माईक जवळ आला की खर्ज फुगतो, म्हणून ‘ब’चा ठोका ढोलासारखा होतो. बोटांची जाळी माईकभोवती केली की तो आणखी घोंगावतो. माईक दोन बोटं लांब, मूठ दांड्यावर. ‘ब’, ‘त्स’, ‘क’ हे तिन्ही आवाज माईकशिवाय एकसारख्या जोराने काढता येईपर्यंत त्याला माईक देऊच नका. त्याला बास गाणाऱ्यांच्या शेजारी उभं करा, अर्धवर्तुळाच्या टोकाला नव्हे. लय टोकाकडून आली की दुसऱ्या टोकाचे मागे पडतात. आणि पहिलं कडवं त्याच्याविना गा. लय सगळ्यांच्या अंगात आहे की त्याच्या एकट्याच्या तोंडात, ते तिथेच कळेल.